कॅलिपर बदलायचा की किट टाकायची



आज पऱ्हाटी नाही, सोयाबीन नाही. आज ब्रेकवर लिहितो. पेरणीच्या तोंडावर हे काय काढलं म्हणून कोणी हसेल, पण खर्चाचा हा प्रश्न माझ्यापुढे नेमका पेरणीच्या तोंडावरच आला. आणि आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या दारात दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी उभी आहे. तिचं इंजिन ऑइल आपण वेळेवर पाहतो, टायर पाहतो, बॅटरीला पाणी घालतो. ब्रेक मात्र लागतात तोवर कोणी पाहत नाही.

माझी गाडी 2009 ची, डिझेल, एमएच 32. एक लाख शहाऐंशी हजार किलोमीटर झाले. पुढे डिस्क, मागे ड्रम, या वयाच्या बहुतेक गाड्यांना असतात तसे. बोरगाव मेघे वर्ध्याला लागूनच, त्यामुळे बाजारहाटाला मोटारसायकल पुरते. गाडी लागते ती मायसाठी. मायचं वय अठ्ठ्याहत्तर, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मंगळवार आणि शुक्रवार. सेवाग्रामला जायचं आणि चार-पाच तासांनी परत यायचं. जाताना ती बोलते, येताना मान टाकून बसते. अशा माणसाला घेऊन जाताना अचानक ब्रेक दाबायची वेळ आली तर गाडी सरळ रेषेत थांबली पाहिजे, एवढीच अपेक्षा.

मे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी परत आल्यावर पुढच्या उजव्या चाकाजवळून जळका वास आला. क्लचचा वास वेगळा असतो, हा लायनर जळाल्यासारखा. मी हाताची मागची बाजू दोन्ही पुढच्या चाकांजवळ नेली, टेकवली नाही. डावं चाक गरम होतं, पण उजव्याजवळ हात धरवेना. आता मे महिन्यात वर्ध्यात सगळंच गरम असतं, पारा पंचेचाळीसच्या वर, उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटवर पापड भाजेल. म्हणून नुसतं गरम आहे की नाही हे पाहून कळत नाही. डाव्या-उजव्यातला फरक पाहावा लागतो. सहा-सात किलोमीटर गाडी शांतपणे, ब्रेक फारसे न दाबता चालवायची आणि मग दोन्ही बाजू पाहायच्या. फरक असला तर एका बाजूचा ब्रेक सुटत नाही.

आता कॅलिपर म्हणजे काय, ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे जावं. चाकासोबत एक लोखंडी तबकडी फिरते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी दाबणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. चिमट्याच्या आतल्या बाजूला एक पिस्टन, वाटीसारखा. आपण पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब पिस्टनला ढकलतो, पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या उलट जोराने अख्खा चिमटा दोन पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडलाही ओढून आणतो. शाळेत पास्कलचा नियम शिकलो होतो, बंद भांड्यातल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा जातो. तोच हा. ट्रॉली उचलणारा हायड्रॉलिक जॅकही त्याच नियमावर.

पण ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे ती गोष्ट शाळेत शिकवली नव्हती. पेडल सोडल्यावर पिस्टन मागे कोण ओढतो? तिथे स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती एक चौकोनी काठाची रबरी रिंग असते, सील. पिस्टन पुढे जाताना ती थोडी वाकते आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेते. बस, तेवढ्यावर चाक मोकळं फिरतं. पिस्टनवर गंज चढला, सील कडक झाली किंवा पिना जाम झाल्या की ते केसभर मागे येणं बंद. मग पॅड डिस्कला घासतच राहतं. डिझेल जास्त जातं, पॅड झिजतं, चाक तापतं, आणि ताप आत ब्रेक ऑइलपर्यंत पोचतो.

ब्रेक ऑइलबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण ते आपल्या लोकांना लवकर समजेल. युरियाची बॅग झडीत तोंड उघडी राहिली तर काय होतं? हवेतलं पाणी ओढून ढेप होते. ब्रेक ऑइल त्याच जातीचं आहे. डबीचं झाकण बंद असलं तरी गाडीत ते होज पाइपच्या रबरातून हळूहळू पाणी ओढतच असतं. डॉट 3 नवीन असताना किमान 205 अंशांना उकळतं. त्यात साडेतीन-चार टक्के पाणी मिसळलं की 140 ला. डॉट 4 नवीन 230, पाणी ओढलेलं 155. उताराला सारखा ब्रेक दाबत आलो, चाक तापलं आणि आत ऑइलची वाफ झाली, तर वाफ दबते, दाब पुढे जात नाही. पेडल थेट तळाला. तळेगावचा सत्याग्रही घाट असो की चिखलदऱ्याचा, तिथे ही परीक्षा होते. वर्धा-सेवाग्राम सपाट रस्ता आहे म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. शिवाय तेच पाणी कॅलिपरच्या आत गंज धरतं. म्हणून दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं असतं, काळ्या चहासारखं झालं असेल तर त्याआधीच. उघडलेली अर्धी बाटली कपाटात ठेवून पुढच्या वर्षी वापरू नका, ती उघड्या युरियाच्या बॅगेसारखीच आहे. आणि डॉट 5 लिहिलेलं सिलिकॉनचं वेगळं प्रकरण असतं, ते 3 आणि 4 मध्ये मिसळायचं नाही. 5.1 हे परत वेगळं. नंबर डबीच्या झाकणावर लिहिलेला असतो, तो पाहून आणा.

आपल्या भागात कॅलिपर शहरापेक्षा लवकर जातात असं माझं मत आहे. एक तर काळी माती. पांदणीतून गाडी आली की चाकाच्या आत चिखलाचा थर बसतो, वाळला की विटेसारखा. दुसरं, फवारणीचा एचटीपी पंप लावून गाडी धुणारे गावोगावी झाले. तो जोराचा फवारा पिस्टनच्या रबरी टोपीवर सरळ मारला तर पाणी आत जातं आणि तिथेच राहतं. तिसरं, खताच्या बॅगा. पोटॅशची बॅग फुटून दाणे गाडीत सांडले आणि ओलावा लागला की पत्रा कसा खातात ते सर्वांनी पाहिलं आहे. तो मिठाचाच भाऊ. आणि चौथं, गाडी पावसाळाभर निंबाखाली उभी. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर जाम होते. माझी आठवड्याला दोनदा चालते म्हणून सोळा वर्षं टिकली.

शनिवारी वर्धेला मिस्त्रीकडे गेलो. तरणा पोरगा आहे, हात साफ आहे. त्याने चाक जॅकवर घेऊन फिरवून पाहिलं, उजवं जड, डावंही ब्रेक दाबून सोडल्यावर थोडा वेळ जड. लगेच म्हणाला, "काका, दोन्ही कॅलिपर नवे टाकू. झंझटच नाही."

मी म्हटलं, "टाकू बाप्पा, पण आधी पाहू तर दे, जाम कोन झालं."

"कॅलिपरच हाय ना काका, आनखी काय राहीन?"

"निप्पल खोलून पाहू. पाच मिनिटाचं काम हाय."

तो हसला, पण तयार झाला. हे पाच मिनिटांचं काम पुढे सविस्तर लिहितो, कारण बदलायचं काय हे इथेच ठरतं.

चाक जाम राहण्याची कारणं चार. पिस्टन अडकला, पिना अडकल्या, होज पाइप आतून सुजला, किंवा वर मास्टर सिलिंडरमधून दाब सुटत नाही. पेडल जोरात दोन-तीनदा दाबून सोडायचं, चाक जड आहे याची खात्री करायची, आणि मग कॅलिपरवरचं हवा काढायचं निप्पल थोडं सैल करायचं. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर कॅलिपर निर्दोष आहे. दाब मागे अडकून बसला होता. निप्पल खोलूनही चाक जडच राहिलं तर मग दोष कॅलिपरमध्ये, पिस्टन नाही तर पिना.

उजवीकडे निप्पल खोललं. चाक होतं तसंच जड.

डावीकडे पेडल दाबून सोडलं, निप्पल खोललं, चिळकांडी उडाली आणि चाक भिंगरीसारखं फिरलं. मिस्त्री म्हणाला, "हे तं दुसरंच निघालं."

डावीकडे परत दाब भरला आणि या वेळी होज पाइपचं वरचं टोक, जिथे तो लोखंडी पाइपाला जोडतो, ते सैल केलं. वरून दाब सुटून चाक मोकळं झालं असतं तर दोष मास्टर सिलिंडरचा. चाक जडच राहिलं. म्हणजे मधला रबरी पाइपच आतून सुजून झडपेसारखा झालेला. जाताना पेडलच्या जोराने ऑइल जातं, येताना वाट सापडत नाही. बाहेरून तो पाइप चांगला दिसत होता, एक तडा नाही. सोळा वर्षांचं रबर. ज्याने बाहेरून पाहून पाइप ठीक आहे म्हणून सोडला असता आणि नवा कॅलिपर टाकला असता, त्याची गाडी आठ दिवसांत तशीच जाम झाली असती आणि दोष नव्या कॅलिपरला गेला असता. असं किती ठिकाणी होत असेल देव जाणे.

आता उजवीकडे. पॅड काढले. आतलं दोन मिलीमीटर उरलेलं, बाहेरचं सहा. नवं पॅड दहाच्या आसपास असतं, तीनवर आलं की बदलायचं. आतलं पॅड जास्त झिजलं तर संशय आधी पिस्टनवर, तो मागे येत नाही. बाहेरचं जास्त झिजलं तर संशय पिनांवर, चिमटा सरकत नाही. पॅड तिरपं झिजलं, एका टोकाला जाड आणि एका टोकाला पातळ, तर एक पिन चालते आणि एक अडकली. वावरात पानांवरून रोग ओळखतो तसं पॅडवरून कॅलिपर ओळखता येतो. जुने पॅड मिस्त्री फेकतो ते मागून घ्या आणि चौघे शेजारी मांडून पाहा. कृषी सहायकालाही आपण पान तोडून दाखवतोच ना.

पिना दोन्ही हातांनी सरकवून पाहिल्या. वरची चालली, खालची थोडी जड, सुकलेलं ग्रीस. साफ करून लावल्यावर चालली. पण निप्पल उघडं ठेवून शिकंजाने पिस्टन दाबला तर तसूभर हलेना. मग पिस्टन बाहेर काढला. तो काढताना पेडल हळूहळू दाबून काढायचा किंवा हवेच्या पाइपाने, आणि समोर लाकडाचा ठोकळा ठेवायचा. बोटं समोर धरायची नाहीत, हवेने निघालेला पिस्टन बोट ठेचतो.

रबरी टोपी खालच्या बाजूने फाटलेली होती. तिथून पाणी-माती आत, आणि पिस्टनवर त्याच ठिकाणी गंजाचे खड्डे. मी नख फिरवून पाहिलं. नख अडकलं.

माझ्या मते निर्णय इथेच होतो. किट म्हणजे नवी सील आणि नवी टोपी, काहीशे रुपयांत येते. पिस्टन गुळगुळीत असेल, नख सरळ घसरत असेल, आतली भोकाची भिंत साफ असेल, तर किट टाकून कॅलिपर पुन्हा वर्षानुवर्षं चालतो, नवा घेण्याची गरज नाही. वरवरचा डाग कापडाने पुसून गेला तर तोही चालेल. पण खड्डा नखाला लागला तर नवी सीलही त्या खड्ड्यावर घासून फाटेल, ऑइल गळेल किंवा पुन्हा जाम होईल. काही कॅलिपरचा पिस्टन सुटा मिळतो, तेव्हा पिस्टन आणि किट असा मधला मार्ग आहे. माझ्या गाडीचा वर्धेत मिळाला नाही. शिवाय आतली भिंतही सील बसते त्या खाचेजवळ खाल्लेली होती. पॉलिश पेपर मारून खड्डा घालवू असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. खड्डा जाईपर्यंत घासलं तर पिस्टन बारीक होतो.

निप्पल गंजून मोडलं, भोकाचे आटे गेले, पिन बसते ते भोक मोठं झालं, ऑइल सीलमधून बाहेर येतं आणि आत खड्डे आहेत, यांपैकी काहीही असलं तरी कॅलिपर बदला. आणि भंगारवाल्याकडचा जुना कॅलिपर स्वस्तात मिळतो, त्याचाही विचार माझ्या मनात आला. पण तो किती दिवस पावसात पडला होता ते कोण सांगणार. दुसऱ्याचा म्हातारा बैल घेऊन आपला म्हातारा बैल बदलण्यासारखं आहे ते. नको.

मिस्त्रीचं म्हणणं होतं की कॅलिपर जोडीनेच बदलावे. त्याच्यात चूक नाही, बरेच जाणकार तसंच सांगतात. पॅडचं मी मानतो. पॅड एका धुरीवर जोडीनेच टाकायचे, दोन्ही चाकांना एकदम, कारण एका बाजूला नवं आणि एका बाजूला झिजलेलं म्हणजे जुवाला एक तगडा बैल आणि एक थकलेला, गाडी एका अंगाला जाणार. होज पाइपही दोन्ही टाकले, कारण दोन्हीचं वय एकच, एक गेला तर दुसरा रांगेत उभाच आहे. पण डावा कॅलिपर परीक्षेत पास झाला होता. त्याचाही पिस्टन काढून पाहिला, आरशासारखा. त्याला नवी किट टाकली आणि ठेवला. धडधाकट लोखंड फेकून द्यायचं माझ्या हाताला जमत नाही.

आता घरचं. पोरगा पुण्याला कंपनीत आहे. फोनवर म्हणाला, "बाबा, त्या डब्यात पैसे टाकू नका. विकून टाका. आजीले न्यायले रिक्षा सांगा." त्याचं गणित चुकीचं नाही. गाडीला आज कोणी ऐंशी हजारही देणार नाही. पण आमच्या घरची म्हणाली, "रिक्षात मायचं डोकं कोण धरन? येताना तिले बसवत नाई. मागच्या सीटवर झोपवून आणतो आपण." यावर पोरगा गप्प झाला.

माझा हिशोब असा. गाडीला 2024 मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा नोंदणी वाढवून घेतली. एप्रिल 2022 पासून मोटारीची ती फी सहाशेवरून पाच हजार झाली, तीही भरली. मिळाली पाच वर्षं, म्हणजे 2029 पर्यंत. तोवर गाडी चालवायची असेल तर ब्रेक तोवर चालले पाहिजेत. खर्च आला तो लिहितो, माझ्या गाडीचा आहे, तुमचा वेगळा येईल. उजवा कॅलिपर 3,800. पॅडचा सेट 1,450. दोन होज पाइप 900. डाव्याची किट 350. ब्रेक ऑइल 400. मजुरी 1,200. एकूण 8,100.

डीएपीची बॅग 1,350 ची. म्हणजे बरोबर सहा बॅगा. दोन्ही कॅलिपर नवे घेतले असते तर आणखी अडीच बॅगा गेल्या असत्या. मृग तोंडावर, बीटी बियाण्याचं पाकीट 901 रुपये, सोयाबीनचं बियाणं घरचं आहे तेवढीच बचत. आठ हजार एकदम बाहेर काढणं सोपं नव्हतं. भाव वाढेल म्हणून तुरीचे दोन पोते घरी ठेवले होते, ते विकले. भाव वाढला तर वाढू दे. (डीएपीऐवजी तीन बॅगा सिंगल सुपर आणि वीस किलो युरिया टाकला तर स्फुरद-नत्र जवळपास तेवढंच पडतं आणि सोयाबीनला गंधक वरून मिळतं, पण भावाचा हिशोब आपापल्या केंद्रावर करा, त्यावर वेगळं लिहीन.)

पैसे नसतील तर काय थांबवता येतं आणि काय नाही, तेही सांगतो, कारण जूनमध्ये सगळ्यांचे हात आखडलेले असतात. पिन थोडी जड आहे, पॅड चार मिलीमीटर आहे, ऑइल काळं पण गळती नाही, तर पिना साफ करून, ऑइल बदलून सोयाबीन निघेपर्यंत गाडी चालवता येईल, लक्ष ठेवून. पण चाकाच्या आतून ऑइल गळत असेल, पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, चाक वास येईपर्यंत तापत असेल किंवा ब्रेक दाबल्यावर गाडी एकीकडे पळत असेल, तर त्या दिवशीपासून गाडी उभी करायची. मी तो मंगळवार भाड्याची गाडी करून काढला, साडेसातशे गेले.

गाडी एकीकडे ओढते यात एक गंमत आहे. ओढते ती बाजू दोषी, असं पटकन ठरवू नका. पिस्टन दाबलेल्या अवस्थेत अडकला तर गाडी त्याच बाजूला ओढते, ब्रेक न दाबताही. पण पिस्टन मागे अडकला, पुढे येतच नाही, तर त्या बाजूचं चाक थांबत नाही आणि ब्रेक दाबल्यावर गाडी उलट चांगल्या बाजूकडे ओढते. मग लोक चांगलाच कॅलिपर खोलून बसतात. टायरची हवा कमी-जास्त असली तरी ओढते, ती आधी पाहा, फुकट आहे.

ऑइलच्या डबीची पातळी खाली गेली की गळतीच आहे असंही नाही. पॅड झिजले की पिस्टन बाहेर राहतो आणि तेवढं ऑइल कॅलिपरमध्ये उतरतं. वरून भरून ठेवलं तर नवे पॅड टाकताना पिस्टन मागे दाबल्यावर ते डबीतून उतू जातं आणि खालचा रंग सोलून काढतं. आधी पॅड पाहा, मग भरा.

कामाच्या वेळी मी मिस्त्रीजवळ बसून होतो. दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. सील आणि पिनांच्या रबराला साधं ग्रीस, डिझेल, इंजिन ऑइल लागता कामा नये. त्या रबराला पेट्रोलियमचं वावडं आहे, ते फुगतं आणि मग पिन कायमची अडकते. पिनांना सिलिकॉनचं किंवा रबराला चालणारं ब्रेकचं ग्रीस, आणि सील बसवताना ताजं ब्रेक ऑइलच बोटाने लावायचं. बैलबंडीच्या आसाला लावायचं ग्रीस इथे नाही. दुसरं, ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू देऊ नका. जुन्या मालात ॲसबेस्टॉसही असू शकतं, छातीत जाते. ओल्या कापडाने पुसायची.

डिस्कही मोजून घेतली. तिच्यावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. माझी त्याच्या वर होती, तापून निळी पडली नव्हती, म्हणून ठेवली. शेवटी चारही चाकांची हवा काढली. आमच्या गाडीत लांबच्या चाकापासून सुरुवात, मागचं डावं पहिलं, ड्रायव्हरजवळचं शेवटी. सगळ्या गाड्यांना हाच क्रम असतो असं नाही, मिस्त्रीला विचारा.

नवे पॅड लगेच पकडत नाहीत हेही माहीत असू द्या. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायचे नाहीत, मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळू दाबत आठ-दहा वेळा गाडी मंद करायची, मधे थोडं चालवून थंड होऊ द्यायची. मी देवळीच्या रस्त्यावर सकाळी सहाला हे केलं, एकटाच. सरळ रिकाम्या पट्ट्यावर स्टिअरिंग अलगद धरून ब्रेक दाबला, गाडी रेषेत थांबली. मग घरी येऊन हात नेऊन पाहिला, दोन्ही चाकं सारखीच.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी, विषय निघालाच आहे तर. वावरात वळण्यासाठी डावा-उजवा ब्रेक पेडल वेगळा ठेवतो, तो रस्त्यावर येताना कडी लावून जोडत जा. भरल्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक बहुतेक नसतोच, आणि त्यात एकच पेडल दाबला गेला तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. पऱ्हाटी घेऊन जिनिंगला जाताना रस्त्यावर मला दर वर्षी कडी न लावलेले दोन-चार ट्रॅक्टर दिसतात.

मी आता वर्षातून दोनदा पाहणार, मृगाआधी एकदा आणि दिवाळीनंतर पऱ्हाटी वेचणीला आल्यावर एकदा. चाक काढायचं, पॅड मोजायचे, टोपी फाटली का पाहायची, पिना सरकवायच्या, डबीतलं ऑइल पाहायचं. अर्धा तास लागतो. टोपी वेळेवर पाहिली तर साडेतीनशेत भागतं, पिस्टनला खड्डा पडल्यावर अडतीसशे.

जुना कॅलिपर मिस्त्रीकडून मागून आणला आहे, गोठ्यात खिळ्याला टांगला आहे. पिस्टनवरचा खड्डा नखाला कसा लागतो हे कोणाला पाहायचं असेल तर संध्याकाळी या. मंगळवार-शुक्रवार सोडून.